आधी माय दाखवा

पाटबंधारे कार्यालयातले वरिष्ठ लिपिक भागवतराव घोरबांड यांनी बावीस वर्षांच्या नोकरीत एकही अर्ज पहिल्या फेरीत मंजूर केला नव्हता. एखादा कागद सगळ्या जोडपत्रांसह, सही-शिक्क्यानिशी समोर आला की त्यांना चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. मग ते चष्मा पुसत, कागद खिडकीकडं धरत, आणि समासात काहीतरी एवढंसं खरडून तो परत करत. त्रुटी निघाली नाही तर अर्जदाराला कार्यालयाची किंमत राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. अशा माणसानं जुलै महिन्यात एक अर्ज ऐकताक्षणी मंजूर केला, तोही तोंडी, तोही फोनवर. पुढचं सगळं महाभारत त्यातून घडलं.

अर्जदार होती त्यांची मुलगी सुकन्या. ती लातुरात डॉक्टरकीच्या परीक्षेच्या, म्हणजे नीटच्या, क्लासला होती. पहिल्या वर्षी मोठ्या फरकानं हुकलं, दुसऱ्या वर्षी त्याहून कमी फरकानं. तेव्हा तिसऱ्या वर्षी लागणारच, असं भागवतरावांनी त्रैराशिक मांडून सिद्ध केलं होतं. नांदेडच्या फ्लॅटच्या दारावर पाटी केली तेव्हा सुकन्याच्या नावाआधी त्यांनी बोटभर जागा मोकळी सोडायला लावली होती. 'डॉ.' नंतर रंगवता यावं म्हणून. निकाल लागला त्याच आठवड्यात पोरीला परत लातूरच्या हॉस्टेलवर सोडून आले, आणि महिन्याभरात तिचा फोन आला.

"बाबा, मला नको हो पुन्हा. घरी न्या मला. ह्या गावात मला मार्क न विचारणारं एकच हाय, हॉस्टेलमागचं कुत्रं."

या एवढ्या मजकुरातून भागवतरावांनी सवयीप्रमाणं विषय तेवढा उचलला : कुत्रा.

"बस, एवढंच? घेऊन देतो की! कुत्रं इथं नांदेडला राहील, दर रविवारी तुला व्हिडिओ पाठवत जाऊ. पण ह्यावेळी मन लावून. वर्ष वाया घालवायचं नाही बघ."

पलीकडून काहीच आवाज आला नाही. भागवतरावांनी त्याची 'मान्य' अशी नोंद घेतली आणि फोन ठेवला.

आता कुत्रं कोणतं, हा प्रश्न. बायको शिवकांता सरळ मनाची. ती म्हणाली, "कचराकुंडीपाशी पाच पिल्लं झालेत. त्यातलं एक उचला, पुण्य तरी लागंल." भागवतरावांना हे लागलं. वरिष्ठ लिपिकाच्या घरी कचराकुंडीवरचं कुत्रं? कुत्रं कसं जातिवंत पाहिजे, तीन पिढ्यांच्या कागदासह. ऑफिसात दर जयंतीला 'माणूस जन्मानं मोठा होत नाही' या विषयावर ते दहा मिनिटं बोलत आणि टाळ्याही घेत. पण ते माणसाचं झालं. कुत्र्यांच्या बाबतीत त्यांनी मत राखून ठेवलं होतं.

लॅब्राडॉर त्यांनी मनातून केव्हाच बाद केला होता. लॅब्राडॉर आता भोकरातसुद्धा झाले, म्हणाले, त्यात काय राहिलं? मोबाइलवर आठवडाभर शोधून त्यांनी यॉर्कशायर टेरियर काढला. वजन तीन किलो, केस मधोमध भांग पाडून दोन्ही अंगांना जमिनीपर्यंत सोडलेले, डोक्यावर रिबीन, आणि चेहऱ्यावर भाव असा की सायबांची मीटिंग चालू आहे, बाहेर बसा. भागवतरावांना ते भावलं. हा कुत्रा त्यांच्याच खात्यातला वाटत होता.

बातमी अर्थातच सोसायटीत पसरली, आणि सल्ल्याला तोटा राहिला नाही. वरच्या मजल्यावरच्या धुरपताबाई म्हणाल्या, "मे महिन्यात कूलर कुणाकडं तोंड करून लावायचा ते आधी ठरवा, तुमच्याकडं का त्याच्याकडं?" मग जरा विचार करून त्यांनी विचारलं, "केस लई वाढतेत म्हणता ना त्याचे? मंग जावळ कधी काढायचं? ह्या वर्षी मुहूर्त कमी हायत." शिवकांतानं हसू दाबायला पदर तोंडाला लावला, भागवतरावांनी मात्र 'जावळ' हा शब्द डायरीत टिपून घेतला.

खरा घोळ केला सोसायटीचे सचिव अण्णाराव यांनी. ते म्हणाले, ना-हरकत द्यायला आमची ना नाही, पण आधी कुत्र्याचा परवाना आणा. परवान्याच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, आधी कुत्र्याचा फोटो आणि सोसायटीची ना-हरकत आणा. म्हणजे कुत्र्याशिवाय परवाना नाही, परवान्याशिवाय ना-हरकत नाही, आणि ना-हरकत नसताना कुत्रं गेटातून आत घ्यायचं नाही. दुसरा कुणी असता तर चिडला असता. भागवतराव मात्र त्या खिडकीसमोर क्षणभर आदरानं उभे राहिले, कारण असलं सुबक चक्र त्यांना स्वतःलासुद्धा बावीस वर्षांत जमलं नव्हतं. शेवटी त्यांनी 'भावी श्वानाबाबत प्रतिज्ञापत्र' लिहून दिलं, नावाच्या रकान्यात 'प्रस्तावित' असं भरलं, आणि अण्णारावांनी अकरा अटींवर ना-हरकत दिली. त्यातली चौथी अट अशी : 'दुपारी दोन ते चार या विश्रांतीच्या वेळेत सदर प्राण्याने मोठ्याने आवाज काढू नये.'

"ही अट ह्यांच्या घोरण्याला बी लागू हाय का, भाऊजी?" शिवकांतानं अण्णारावांना विचारलं.

एवढं सगळं जुळून आलं आणि नेमके कंधारकडच्या गावाहून भागवतरावांचे वडील दगडोबा आले. वय चौऱ्याहत्तर. जन्मभर त्यांनी लाल कंधारी गाईंचा कळप सांभाळला. त्यांच्या एका वळूला माळेगावच्या जत्रेत फेटा बांधून मिरवलं होतं, आणि तो फेटा अजून त्यांच्या पेटीत आहे. वासरू घ्यायला गेले की दगडोबा वासराकडं सगळ्यात शेवटी बघत. आधी त्याची माय, मग मायचा गोठा, मग गव्हाण, मग मालकाचे हात. त्यानंतर चहा.

"पैसे दिऊन कुत्रं?" ते म्हणाले. "आरं, कुत्रं द्यायचं अस्तं आन् घ्यायचं अस्तं. त्येचं मोल करू न्हाई."

"बाबा, हे विलायती आहे."

"असंल. विलायतेत काय बिनमायचे जन्मतेत व्हय? मी येतो संगं. माय बघितल्याबिगर जनावर घेऊन राहिलास तू, डोकं फिरलं का?"

बापाला टाळायचे तीन प्रयत्न फसले. शेवटी शनिवारी सकाळी लातूरच्या एस.टी.त खिडकीला दगडोबा, शेजारी भागवतराव, आणि भागवतरावांच्या मांडीवर दुपटं घातलेली बांबूची टोपली. अहमदपूर येईस्तोवर चार प्रवाशांनी 'बाळ कितव्या महिन्याचं?' म्हणून टोपलीत डोकावून पाहिलं. रिकामं दुपटं पाहून त्यातल्या एका बाईनं भागवतरावांना देवाचा अंगारा दिला.

सुकन्याला बरोबर घ्यायचं म्हणून आधी हॉस्टेल गाठलं. बाहेर पडायच्या फॉर्मवर कारणाचे तीनच रकाने होते : आजारपण, मयत, लग्नकार्य. भागवतरावांनी खाली लिहिलं, 'कौटुंबिक पाहणी कार्यक्रम'. वॉर्डन साखराबाईंनी सुकन्याकडं खालून वर पाहिलं. "स्थळ आलंय का?"

"नाही नाही, आम्हीच बघायला चाललोय," भागवतराव म्हणाले. "खानदान चांगलं आहे म्हणतात."

सुकन्या अभ्यासिकेतून वही आणायला गेली तेव्हा दगडोबाही मागोमाग गेले, आणि मग भागवतरावांनाही जावं लागलं. लांबलचक हॉल, त्यात प्लायवूडचे खण पाडलेले, प्रत्येक खणात एक खुर्ची, एक दिवा आणि एक पोर. सुकन्याच्या खणात समोरच्या फळीवर हव्या त्या मार्कांचा आकडा मोठ्या अक्षरात चिकटवला होता. तो भागवतरावांनीच स्वतः चिकटवला होता. पोरगी वाळली होती. आजोबाला मागं आलेलं पाहून हसली, पण आवाज न करता, कारण तिथं आवाज करायची मनाई होती.

दगडोबांनी त्या खणात दोन्ही हात पसरायचा प्रयत्न केला. कोपर फळीला लागलं. "हितं वळता तरी येतं का गं, माय?"

"एकाग्रता होते बाबा तेवढ्यात," भागवतराव घाईनं म्हणाले. "चला, उशीर होतोय."

औसा रोडला 'श्री राजलक्ष्मी केनेल अँड ड्रायफ्रूट्स' अशी पाटी होती. पुढं काजू-बदाम, आत एसीची खोली, सोफा, आणि काचेच्या पेटीत तीन पिल्लं. मालक प्रीतम तिशीतला, अंगाला अत्तर, बोलणं साखरेत घोळलेलं. त्यानं एक पिल्लू भागवतरावांच्या ओंजळीत ठेवलं. त्या मूठभर जिवानं त्यांच्या अंगठ्याला जीभ लावली, आणि वरिष्ठ लिपिक जागच्या जागी पाघळले. ह्यात त्रुटी कसली काढायची?

दगडोबांनी पिल्लू आपल्याकडं घेतलं. वीसनखी कुत्रं अस्सल म्हणून नखं मोजली, वीस भरली नाहीत. पाठीवर केसांचा भोवरा आहे का, पोटाखाली गोम आहे का, अशा गुरांत बघतात त्या खोडी पाहिल्या. मग पिल्लू परत पेटीत ठेवून म्हणाले, "माय दाखवा."

"फोटो आहे ना काका, बघा, मोबाइलमध्ये."

"फोटूचं दूध पेत होते का हे?"

प्रीतम हसला, आत गेला आणि काखेत एक थाटातलं कुत्रं घेऊन आला. शॅम्पूचा वास, डोक्यावर गुलाबी रिबीन, केस असे मऊसूत की भागवतरावांचा हात आपोआप स्वतःच्या टकलाकडं गेला. "ही बघा, आमची रोझी."

दगडोबांनी रोझीला उचललं, उलटं केलं, बघितलं आणि सुलटं करून ठेवलं.

"हे व्यालं असंल तर मंग मी बी बाळंतीण हाय. आरं बाप्पा, हा गडी हाय!"

प्रीतमच्या चेहऱ्यावरची साखर थोडी विरघळली, पण माणूस मुरलेला. हे पिल्लांचे वडील प्रिन्स, घाईत नाव चुकलं, आई आत झोपलीय, आणि काका एवढी शंका कशाला, हा घ्या कागद, असं म्हणून त्यानं जाड चकचकीत सर्टिफिकेट पुढं केलं. कागद दिसताच भागवतरावांना धीर आला. कागदावर चांदीचा शिक्का होता. त्यांनी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि बापाला ऐकू जाईल असं ठासून वाचलं :

"नर, प्रिन्स. मादी, रोझी. नराची वंशावळ : प्रिन्सची आई, रोझी. मादीची वंशावळ..."

"थांब. माघारी वाच."

"प्रिन्सची आई, रोझी."

"आन् पिल्लांची माय?"

"रोझी." इथं भागवतरावांचा आवाज बारीक झाला.

"म्हंजे ह्या पिल्लांचा बाप त्योच, आन् भाऊ बी त्योच?"

"काका, त्यालाच प्युअर लाइन म्हणतात," प्रीतम म्हणाला. "बाहेरचं रक्तच नाही."

"बाहेरचं न्हाई, हे दिसूनच राहिलं!" दगडोबांचा आवाज चढला. "आमच्यात तीन वर्सं झाली की वळू दुसऱ्या गावी द्यावा लागतो, लेकराबाळांत घोळ हू नये म्हून. जनावराला बी इज्जत अस्ते. ती मालकानं सांभाळायची अस्ते."

भागवतराव कागद धरून उभे. बावीस वर्षं त्यांनी लोकांचे कागद उलटेपालटे करून पाहिले, कुणाचा एक काना इकडचा तिकडं सुटला नाही. आणि आज एवढी ढळढळीत गोष्ट चांदीच्या शिक्क्याखाली त्यांनी स्वतःच्या तोंडानं वाचली, तीही अभिमानानं. अंगठा उठवणाऱ्या बापाला ती कळली.

तेवढ्यात मागच्या दाराकडून सुकन्याचा आवाज आला. "आबा, इकडं या."

मागं पत्र्याचं शेड होतं. उन्हानं तापलेलं, मुताचा वास. प्लायवूडचे खण पाडलेले, पुढं जाळी, प्रत्येक खणात एक मादी. तिसऱ्या खणाच्या जाळीवर 'रोझी' लिहिलं होतं. तिचे केस बोडून काढले होते, डोळे चिकटलेले, सड लोंबून फळीला टेकलेले. माणसं आली तरी ती उठली नाही. शेपटीचं टोक तेवढं हललं.

"किती येळा?" दगडोबांनी विचारलं.

"ही सातवी बॅच. पुढची दिवाळीत," मागोमाग आलेला प्रीतम म्हणाला.

"मधी इसावा?"

"विसावा देऊन कसं परवडंल काका?" प्रीतम आता खरं बोलत होता. "एक सीझन गेला की वर्ष वाया जातं."

भागवतराव दचकले. हे वाक्य ओळखीचं होतं. आवाजाचा चढउतारसुद्धा तोच. ते काही बोलायचं म्हणून जाळीपाशी वाकले आणि म्हणाले, "हिला... हिला इथं वळता तरी येतं का?"

आणि मग हाही प्रश्न आजच, तासाभरापूर्वी, कुणीतरी कुठंतरी विचारल्याचं त्यांना आठवलं. दगडोबा त्यांच्याकडं बघत होते.

सुकन्यानं जाळीतून दोन बोटं आत घातली होती आणि रोझी ती चाटत होती. मागं न वळता ती म्हणाली, "बाबा, मी तिसऱ्यांदा नाही बसणार."

ह्या अर्जातही भागवतरावांनी सवयीनं त्रुटी शोधायची खटपट केली. सापडली नाही. पोरीच्या मानेची हाडं त्यांना पहिल्यांदाच एवढी स्पष्ट दिसली, आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. डोळे भरून आले तसे त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. पुष्कळ वेळ पुसला.

"बरं," ते म्हणाले.

रोझीला द्या म्हणून त्यांनी विचारून पाहिलं. प्रीतम म्हणाला, ती विकायची नाही, चालू आहे अजून. तेव्हा भागवतराव ताठ झाले आणि आयुष्यात त्यांना येत असलेली एकमेव लढाई त्यांनी सुरू केली. "पैदास केंद्राचा नोंदणी क्रमांक सांगा."

"नोंदणी? काय साहेब, कशाला त्रास..."

"क्रमांक नाही. असं लिहितो," भागवतरावांनी पेन उघडलं. सोसायटीच्या ना-हरकतीच्या पाठीमागं त्यांनी तिथल्या तिथं एक मुद्दा, दोन मुद्दे, अकरा मुद्दे लिहून काढले. प्रीतमनं त्यांना अर्धा किलो बदाम देऊ केले. त्यांनी तो बारावा मुद्दा केला.

दुसरा अर्ज क्लासच्या काउंटरवर झाला. 'विषय : नाव कमी करणेबाबत.' कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'विसावा'. काउंटरवरची बाई म्हणाली, सर, असं कारण नसतं, आजारपण लिहा. भागवतराव म्हणाले, पोरगी आजारी नाही, दमलीय. रकाना नसेल तर नवा पाडा. बाईंनी त्यांच्याकडं वेडा माणूस बघावा तसं बघितलं, आणि लोकांचा तसा चेहरा त्यांनी खिडकीच्या ह्या बाजूनं कधी बघितला नव्हता.

संध्याकाळी नांदेडात सोसायटीच्या गेटावर सगळी जमली होती. धुरपताबाईंच्या हातात ओवाळणीचं ताट, अण्णारावांच्या हातात अटींची प्रत, चार जणांचे मोबाइल वर. रिक्षा थांबली. आधी दगडोबा उतरले, मग ट्रंक, मग गादीची वळकटी, मग सुकन्या. टोपलीत पुस्तकं होती.

"पिल्लू?" अण्णारावांनी रिक्षात डोकावून विचारलं.

"नाही आणलं."

"पण एनओसी कुत्र्याची हाय, सर. पोरगी परत येणार हे अर्जात न्हवतं."

"मंग आता वर्ष?" धुरपताबाईंनी कुजबुजत विचारलं. "नाही तर जनावरांची डॉक्टर करा. ते सोपं अस्तंय."

"त्याला बी नीटच लागतं, काकू," सुकन्या म्हणाली.

शिवकांता काही विचारत बसली नाही. तिनं धुरपताबाईंच्या हातातलं ताट ओढून घेतलं आणि लेकीला ओवाळलं. घाईत कुंकू कपाळाऐवजी नाकावर लागलं. आठ दिवस सोसायटीत दुसरा विषय नव्हता. घोरबांडांची पोरगी हरून आली, असं ठरलं. पाटीवरच्या मोकळ्या जागेचं आता काय करणार, असं अण्णारावांनी जिन्यात गाठून विचारलं, तेव्हा भागवतराव म्हणाले, "मोकळीच राहू द्या. पोरीला जरा हातपाय पसरायला." एवढं बोलून ते घाईघाईनं घरात गेले.

रोझीबाबतचा अर्ज जनावरांच्या खात्याच्या लातूरच्या कार्यालयातून त्रुटी निघून परत आला आहे. समासात लिहिलंय : 'तक्रारीत नमूद मादीचा ओळख पुरावा व रहिवासी पुरावा जोडावा.' अक्षर वळणदार, शेरा नेमका. भागवतरावांनी तो वाचला आणि आपण आजवर किती जणांना असं परत पाठवलं असेल, ते आठवत बसले. तिसरं स्मरणपत्र त्यांनी लिहिलंय, आणि महिन्यातून एकदा रजा टाकून ते स्वतः लातूरला जाऊन त्या कार्यालयातल्या बाकावर बसून येतात. रोझी अजून तिथंच आहे. सुकन्या दर वेळी विचारते, आणि दर वेळी त्यांना 'विचाराधीन' हा शब्द तिच्यासमोर उच्चारता येत नाही.

परवा रविवारी दुपारी अडीच वाजता दगडोबा खोलीत सुकन्यासमोर उभे राहून, चष्मा नाकावर ओढून, वर्तमानपत्र लांब धरून, भागवतरावांची नक्कल करत, वाचल्यासारखं म्हणत होते, "नर, प्रिन्स! प्रिन्सची आई, रोझी!" आणि सुकन्या हसत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा, पोट धरून, गडाबडा लोळत, भिंती दणाणतील अशी. पाचव्या मिनिटाला बेल वाजली. दारात अण्णाराव, डोळ्यांत झोप, हातात अकरा अटींची प्रत, चौथ्या अटीखाली लाल पेनानं रेघ.

भागवतरावांनी प्रत घेतली. चष्मा पुसला, कागद खिडकीकडं धरला, वरपासून खालपर्यंत वाचला. मग खिशातलं पेन काढून समासात लिहिलं, 'दप्तरी दाखल', खाली सही केली, तारीख टाकली, आणि दार लावून घेतलं.